जामीनदार कोण राहणार? मुंबई उपनगरांतील ख्रिस्ती कारागृहसेवेचे स्वरूप

मुंबई उपनगर जिल्ह्यात एकही मध्यवर्ती किंवा जिल्हा कारागृह नाही, आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील धर्मग्रामांतून, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या ख्रिस्ती वस्त्यांतून, चालणारी कारागृहसेवा समजून घेताना ही साधी भौगोलिक वस्तुस्थिती आधी ध्यानात घ्यावी लागते. उपनगरातील माणसाला अटक होते ती जवळच्या पोलीस ठाण्यात, त्याचा खटला चालतो अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा विक्रोळीच्या दंडाधिकारी न्यायालयात आणि प्रकरण गंभीर असेल तर दिंडोशीच्या सत्र न्यायालयात. तो स्वतः मात्र आर्थर रोड, भायखळा, ठाणे, कल्याणचे आधारवाडी किंवा थेट तळोजा यांपैकी कोठे तरी ठेवलेला असतो, आणि त्याचे घर बहुधा एखाद्या झोपडवस्तीत, रोजंदारी बुडवून मुलाकातीला जाणे परवडत नाही अशा अवस्थेत असते. घर, न्यायालय आणि कारागृह या तीन टोकांमध्ये लोकलने ये-जा करणारा कोणी तरी लागतो. ख्रिस्ती स्वयंसेवकांचे काम धार्मिक प्रेरणेतून सुरू झाले असले, तरी आज त्याचा मोठा भाग या ये-जा करण्यात खर्च होतो.

प्रेरणेचा उगम अर्थातच बायबलमध्ये आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे चित्र येते, त्यात भुकेल्याला अन्न देणे आणि आजाऱ्याची विचारपूस करणे यांच्याबरोबरीने बंदिवानाला भेटणे हीही कसोटी सांगितली आहे, आणि कॅथलिक परंपरेने शारीरिक दयेची जी सात कार्ये ठरवली त्यांत या भेटीला स्थान दिले. संत पौलाची काही पत्रे तर बंदिवासातच लिहिली गेली. आधुनिक काळात जॉन हॉवर्ड याने १७७७ साली तुरुंगांच्या स्थितीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, १८१३ साली एलिझाबेथ फ्राय हिने लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांना प्रथम भेट दिली, आणि १८६६ साली भारतात आलेल्या मेरी कार्पेंटर हिने मुंबईसह अनेक शहरांत फिरून स्त्रीशिक्षणाबरोबर तुरुंगसुधारणेचाही प्रश्न सरकारपुढे मांडला. साल्व्हेशन आर्मी ही संस्था १८८२ साली मुंबईत उतरली, आणि तिचे भारतातील पहिले प्रमुख फ्रेडरिक टकर यांना रस्त्यावरील मिरवणुकांच्या बंदीवरून स्वतःच तुरुंगाची हवा खावी लागली. सुटणाऱ्या कैद्याला तुरुंगाच्या दाराशीच गाठून आसरा देण्याची पद्धत याच संस्थेने १८८३ साली मेलबर्न येथे रूढ केली. आज भारतातील कॅथलिक कारागृहसेवेचा मुख्य धागा ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ या संघटनेचा असून, १९८१ साली केरळात कोट्टायमजवळच्या वडवातूर येथील सेमिनरीत शिकणाऱ्या वर्गीस करिप्पेरी आणि फ्रान्सिस कोडियन या दोन तरुणांनी तिचा आरंभ केला. तिचे आश्रयदाते संत मानले गेलेले मॅक्सिमिलियन कोल्बे हे ऑशविट्झच्या छळछावणीत एका सहबंदिवानाच्या जागी स्वतः पुढे होऊन १४ ऑगस्ट १९४१ रोजी मरण पावले.

कारागृहात प्रवेश मिळतो तो परवानगीने, आणि ही परवानगी हा हक्क नसून सवलत असते, याची जाणीव अनुभवी स्वयंसेवकाच्या प्रत्येक हालचालीत दिसते. धर्मग्रामाचे वा संस्थेचे पत्र, ओळखपत्राच्या प्रती, कारागृह प्रशासनाची मंजुरी, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ एवढे जमले की गट फाटकाशी येतो. फोन, पैसे, किल्ल्या बाहेर ठेवायच्या, नोंदवहीत नाव लिहायचे, झडती द्यायची आणि मोठ्या फाटकातील छोट्या दारातून वाकून आत शिरायचे. बाहेरचे दार बंद झाल्याखेरीज आतले उघडत नाही, त्यामुळे दोन दारांच्या मधल्या जागेत काही काळ नुसते उभे राहावे लागते. बंदी वाढले, पहारेकरी कमी असले किंवा आत काही गडबड झाली, तर भेट रद्द होते आणि बोरिवलीहून किंवा अंधेरीहून निघालेली मंडळी आल्या पावली परत जातात. अशा वेळी वाद न घालणारा गट वर्षानुवर्षे टिकतो. नव्याने आलेल्या उत्साही माणसाला ही शिस्त जाचते आणि तो पुढच्या खेपेला येत नाही, हेही तितकेच खरे.

ठाण्याच्या कारागृहाबाबत येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. मुलुंडच्या पुढच्याच स्थानकावर असलेले हे कारागृह जुन्या किल्ल्यात वसलेले आहे, आणि याच किल्ल्यात इंग्रजांनी कैदेत ठेवलेले पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली निसटले. बाहेर घोडा फिरवणाऱ्या मोतद्दाराने मराठी गाण्यांतून पळण्याचा बेत त्यांना कळवला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही समजले नाही, अशी कथा सांगितली जाते. आजच्या स्वयंसेवकाची गाणी मराठी, हिंदी, कोकणी कोणत्याही भाषेत असोत, शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराला ती नीट कळतात, आणि निरोप पोहोचवणे ही तर सर्वांत कडक मनाई असलेली गोष्ट आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाने बंदिवानाशी नियमबाह्य संपर्क साधणाऱ्यास किंवा मनाई असलेली वस्तू आत-बाहेर नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली होती. भेट संपताना हातात सरकवली जाणारी घडी केलेली चिठ्ठी परत देणे आणि तेच काम कारागृहाच्या रीतसर पत्रव्यवहारातून करून देण्याचे कबूल करणे, हा नव्या स्वयंसेवकाचा पहिला धडा असतो.

आतील तासाभराचा कार्यक्रम बाहेरून पाहणाऱ्याला साधाच वाटेल. दोन-तीन गीते, शुभवर्तमानातील एक उतारा, थोडे निरूपण, मोकळी प्रार्थना आणि मग बोलणे. नाताळात केक, ईस्टरच्या सुमारास धर्मगुरू आले तर मिस्सेची उपासना, एरवी साबण, टूथपेस्ट, चष्मा, वह्या यांपैकी प्रशासनाने मान्य केलेले काही. सतरंजीवर बसणाऱ्यांत ख्रिस्ती थोडे आणि इतर धर्मांचे पुष्कळ असतात, कारण बरॅकमधून, म्हणजे अनेकांना एकत्र ठेवलेल्या लांब खोलीतून, बाहेर येऊन मोकळ्या आवाजात गाणे म्हणता येते एवढेही कारण तेथे पुरेसे ठरते. धर्मांतराचा संशय हे या कामावरचे सततचे सावट आहे, आणि म्हणून जाणते गट धर्माबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाहीत, कोणाच्या गळ्यात क्रूस घालत नाहीत व सणवाटपात भेद करीत नाहीत.

यापुढचे काम एकेका बंदिवानाशी दीर्घकाळ संबंध ठेवण्याचे. त्यालाच मार्गदर्शक-सोबत म्हणता येईल, आणि येथे एक अडचण उभी राहते जिच्याकडे कारागृहसेवेच्या भाविक वर्णनांत सहसा दुर्लक्ष होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. ज्यांचा खटला अद्याप निकाली निघालेला नाही आणि ज्यांना तुरुंगाच्या बोलीत कच्चे कैदी म्हणतात, ते हे लोक. शिक्षा झालेले पक्के कैदी त्यामानाने थोडे. कारागृहसेवेची पारंपरिक शब्दसंपदा मात्र पापाची कबुली, पश्चात्ताप आणि नवजीवन अशी, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला आहे असे गृहीत धरणारी आहे. ज्याला कायदा निर्दोष मानतो त्याला पश्चात्तापाचा उपदेश करणे हे न्यायालयाच्या आधी निकाल देण्यासारखे होते, आणि एवढ्यावर ते थांबत नाही. वकील आणि अशील किंवा पती आणि पत्नी यांच्या संभाषणाला पुराव्याच्या कायद्याने जे संरक्षण दिले आहे, तसे स्पष्ट संरक्षण धर्मगुरूपुढील पापनिवेदनालाही दिलेले नाही. मग बाकावर शेजारी बसलेल्या सामान्य स्वयंसेवकाला भावनेच्या भरात सांगितलेली गोष्ट न्यायालयाबाहेरील कबुलीजबाब म्हणून पुराव्यात येण्याची शक्यता उरतेच. यावरून समंजस गटांत एक विचित्र वाटणारा पण अत्यंत शहाणपणाचा नियम पडला आहे: बंदिवान घटनेबद्दल सांगू लागला की त्याला हळूच थांबवायचे, आणि ते वकिलाला सांगण्यास सुचवायचे. कबुली ऐकण्यास आतुर असलेला स्वयंसेवक या कामाला सर्वांत कमी लायक ठरतो.

मग बोलायचे कशाबद्दल, तर झोपेबद्दल, त्वचेच्या खाजेबद्दल, आईच्या औषधांबद्दल, मुलीच्या शाळेच्या प्रवेशाबद्दल, आणि सर्वाधिक तारखेबद्दल. आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता अनेक वर्षे ८०४ इतकी सांगितली जात असे आणि आत तीन हजारांहून अधिक माणसे असत. अशा गर्दीत कूस बदलायलाही जागा नसते, त्वचारोग फैलावतात, आणि न्यायालयात नेण्यास पोलीस पथक मिळाले नाही की माणूस दूरदृश्य पडद्यावर काही क्षण दिसून पुढची तारीख घेऊन परत येतो. भायखळ्याच्या महिला कारागृहात प्रश्न वेगळे. सहा वर्षांखालील मुलाला आईजवळ ठेवता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात अशा मुलांच्या आहाराविषयी, आरोग्याविषयी व शिक्षणाविषयी निर्देश दिले. पण मूल सहा वर्षांचे झाल्यावर कोणाकडे जाणार, या प्रश्नासाठी धर्मभगिनी नातेवाइकांचे उंबरठे झिजवतात, कारण पुरुष बंदिवानाला भेटायला बायको येते, स्त्री बंदिवानाला मात्र अनेकदा कोणीच येत नाही.

जामिनाच्या बाबतीत स्वयंसेवकाच्या हातून होणारे काम सर्वांत ठोस असते. जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो याचे मुख्य कारण जामीनदार, म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील याची पैशाने हमी घेणारी व्यक्ती, मिळत नाही हे असते. तिच्याकडे शिधापत्रिका, पगाराची पावती, राहत्या जागेचा पुरावा आणि काही वेळा ऐपतीचा दाखला लागतो, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या स्थलांतरित कुटुंबाच्या ओळखीत असा माणूस क्वचितच सापडतो. मुंबईच्या न्यायालयांत वकील ‘पी. सी. बेल’ मागतात, ती जामीनदार मिळेपर्यंत रोख रक्कम भरून सुटण्याची तात्पुरती सोय होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ च्या मोतीराम निकालात गरिबाला त्याच्या आवाक्याबाहेरचा आणि स्थानिकच जामीनदार मागण्यावर कठोर टीका केली होती. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्या बंदिवानाची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला देण्यास अधीक्षकांना सांगितले. आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब बंदिवानांसाठी जामिनाकरिता ४० हजार व दंडाकरिता २५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची योजना आणली. कागदावर मार्ग उपलब्ध आहेत. पण अर्ज भरणारा, मूळ आदेशाची प्रत मिळवणारा आणि नावातील ‘शेख’चे ‘सेख’ झाल्याने अडलेला आदेश दुरुस्त करून आणणारा माणूस लागतो, आणि हे काम टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली सुरू केलेल्या ‘प्रयास’सारख्या उपक्रमांतील प्रशिक्षित समाजकार्यकर्ते अधिक नेटके करतात, म्हणून चर्चच्या स्वयंसेवकाने त्यांची जागा घेऊ नये, त्यांच्यापर्यंत नाव पोहोचवावे.

सुटकेचा आदेश कारागृहात वेळेत पोहोचणे हेही वेगळेच प्रकरण आहे. आर्थर रोडच्या बाहेर जामीन आदेशांसाठी एक पेटी असून ती ठरावीक वेळी उघडली जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रख्यात अभिनेत्याच्या मुलाचा आदेश संध्याकाळच्या वेळेत न पोहोचल्याने त्यालाही आणखी एक रात्र आत काढावी लागली, तेव्हा साऱ्या देशाला या पेटीची माहिती झाली. सामान्य बंदिवानांच्या कुटुंबांना ती आधीपासून ठाऊक होती.

याच शहरात ख्रिस्तसभेला कारागृहाचा एक वेगळा, आतून आलेला अनुभवही घ्यावा लागला. झारखंडमध्ये आदिवासी न्यायाधीन बंदिवानांच्या स्थितीचा अभ्यास करणारे येशूसंघीय धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक होऊन तळोजा कारागृहात ठेवण्यात आले, आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याची त्यांनी केलेली मागणी तेव्हा वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचली. कारागृहसेवा हा नाताळातील केकवाटपाचा विषय नसून न्यायव्यवस्थेच्या गतीचा प्रश्न आहे, हे प्रवचनांतून न पटलेले अनेकांना या एका मृत्यूने पटवले असावे.

सुटकेनंतरचा टप्पा सर्वांत दुबळा आहे, आणि त्याचा दोष स्वयंसेवकांपेक्षा त्यांच्या समाजाकडे अधिक जातो. साबण आणि टूथपेस्ट गोळा करण्याचे आवाहन रविवारी मिस्सेनंतर झाले की खोके भरतात. पण नुकत्याच सुटलेल्या माणसाला एक महिना राहायला खोली किंवा दुकानात हरकाम्याची जागा हवी आहे असे कळताच तीच मंडळी गप्प होते. गृहनिर्माण संस्था पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी पुढे करते, मालक आधीच्या नोकरीतल्या खंडाबद्दल विचारतो, आणि शेवटी जागा मिळते ती नालासोपारा, विरार किंवा बदलापूरकडे. तेथून बोरिवली किंवा मुलुंडच्या न्यायालयात सकाळी अकराला हजर राहायचे तर पहाटेची लोकल पकडावी लागते व त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि जामिनावरचा खटला तर पुढे वर्षानुवर्षे चालू असतो. एक-दोन तारखा चुकल्या की अजामीनपात्र वॉरंट निघते, जामीनदाराला नोटीस जाते आणि माणूस पुन्हा आत येतो. म्हणून सोबत करणारे जुने स्वयंसेवक सुटलेल्या माणसाकडून चर्चमध्ये येण्याचे वचन घेत नाहीत. ते त्याच्या पुढच्या तारखा आपल्या वहीत उतरवून घेतात आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्याला फोन करतात.