ऑरोराच्या तोफा

रशियन क्रांतीबद्दल चार ओळी वाचलेल्या माणसालाही ‘ऑरोरा’ हे नाव ठाऊक असतं. नेवा नदीत नांगरलेली क्रूझर, रात्रीच्या अंधारात तिच्या तोफेचा बार आणि मग हिवाळी राजवाड्यावर चाल, एवढं एक चित्र डोळ्यांपुढे येतं. या चित्राने त्या जहाजावर मोठा अन्याय केला आहे. साडेचार दशकांच्या खडतर सेवेतली एक रात्र तेवढी लोकांच्या लक्षात राहिली, बाकी सगळं विसरलं गेलं. मला ऑरोरा जवळची वाटते ती त्या बाकीच्यासाठी.

जहाज म्हणून ती सामान्यच होती. सेंट पीटर्सबर्गच्या गोदीत 1897 मध्ये तिची बांधणी सुरू झाली, मे 1900 मध्ये ती पाण्यात उतरली आणि नौदलात रुजू व्हायला 1903 चा उन्हाळा उजाडला. झार दुसरा निकोलस याने तिला नाव दिलं ते 1854 साली पेत्रोपाव्लोव्स्कच्या बचावात लढलेल्या एका जुन्या शिडाच्या लढाऊ जहाजावरून. वजन सुमारे 6,700 टन, लांबी 127 मीटरच्या आसपास, तीन धुराडी, तीन वाफेची इंजिनं, तीन पंखे आणि त्यांना वाफ पुरवणारे 24 बॉयलर. वेग 20 नॉटचा ठरला होता. चाचण्यांमध्ये ती 19 च्या आसपासच अडखळली. सहा इंची तोफा होत्या जेमतेम आठ. 75 मिलिमीटरच्या आणखी 24 होत्या खऱ्या, पण मोठ्या जहाजाशी गाठ पडली तर त्यांचा उपयोग ओरखडे काढण्यापुरताच. जगातली नौदलं त्या काळात इतक्या झपाट्याने बदलत होती की सहा वर्षं बांधणीत घालवलेलं जहाज समुद्रात येईपर्यंत मागे पडलेलं असे.

ऑक्टोबर 1904 मध्ये अ‍ॅडमिरल रोझेस्तवेन्स्की याचा ताफा बाल्टिकमधून जपानशी लढायला निघाला, त्यात ऑरोरा होती. तिला लागलेले पहिले गोळे स्वतःच्याच ताफ्याचे. उत्तर समुद्रात डॉगर बँकेजवळ रात्री इंग्लिश मच्छीमारांच्या बोटी दिसल्या आणि त्या जपानी टॉर्पेडो बोटी आहेत असं समजून रशियन युद्धनौकांनी गोळीबार सुरू केला. त्या गोंधळात ऑरोराही माऱ्यात सापडली. जहाजावरचे धर्मगुरू जबर जखमी झाले आणि पुढे टँजिअरला त्यांचा अंत झाला. शत्रू अजून अर्ध्या पृथ्वीच्या पलीकडे होता.

पुढचा प्रवास कोळशाचा. वाटेवरची ब्रिटिशांची बंदरं या ताफ्याला बंद होती, त्यामुळे जिथे जमेल तिथे, कधी भर समुद्रात, कोळसा भरायचा. बंकर भरले की पोती डेकवर रचायची. आफ्रिकेला वळसा, मादागास्करला उकाड्यात महिनोन्‌महिने मुक्काम, मग हिंदी महासागर. कप्तान येव्गेनी येगोरिएव्ह यांनी या हालांतही आपली माणसं बांधून ठेवली.

27 मे 1905 ला त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ताफ्याचा जवळजवळ सर्वनाश झाला. या पराभवाने रशिया हादरला आणि आशियातला एक देश युरोपीय सत्तेला हरवू शकतो, या जाणिवेने हिंदुस्थानातही चैतन्य आलं. ऑरोरा त्या दिवशी मालवाहू जहाजांच्या रक्षणाला होती. लढाईच्या भरात एका गोळ्याचा तुकडा कप्तानांच्या मस्तकात घुसला आणि ते जागीच कोसळले. तिथून ती बुडाली नाही एवढंच. दोन सोबतिणींबरोबर दक्षिणेला निसटून तिने मनिला गाठलं आणि अमेरिकनांनी युद्ध संपेपर्यंत तिला तिथे अडकवून ठेवलं.

या लढाईतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जहाजाचे डॉक्टर व्लादिमीर क्राव्चेन्को यांच्याजवळ क्ष-किरण यंत्र होतं. रोंटगेनचा शोध त्या वेळी दहाच वर्षांचा. लढाईनंतर हलत्या जहाजावर, भोकं पडलेल्या भिंतींच्या आड, क्राव्चेन्कोंनी जखमी खलाशांना या यंत्रापुढे आणून त्यांच्या अंगात रुतलेले तुकडे आणि मोडलेली हाडं शोधली. आधी शोध, मग शस्त्र. नाही तर जखमेत आंधळेपणाने चिमटा फिरवायचा, हाच तेव्हाचा रिवाज. त्सुशिमाच्या त्या सगळ्या हाहाकारात मला हे काम सर्वांत मोठं वाटतं. कप्तान येगोरिएव्ह यांच्या छायाचित्राला पुढे चौकट केली गेली, तीही जहाजाच्या फाटलेल्या पत्र्याची आणि डेकच्या जळक्या लाकडाची.

1917 च्या त्या रात्रीबद्दल थोडकंच सांगतो. दुरुस्तीसाठी पेत्रोग्राडला आलेल्या ऑरोरावर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या उठावात कप्तान निकोल्स्की मारले गेले होते आणि जहाज खलाशांच्या समितीच्या हाती होतं. जुन्या पंचांगाप्रमाणे 25 ऑक्टोबरच्या रात्री पावणेदहाच्या सुमारास पुढच्या सहा इंची तोफेने एक बार काढला. तो रिकामा बार होता, फक्त इशारा. राजवाड्यावर आम्ही गोळे टाकले ही अफवा खोटी आहे, असं पत्र खलाशांनी लगोलग ‘प्राव्दा’त छापलं. पुढे चित्रपटांनी आणि पाठ्यपुस्तकांनी त्या बाराला गडगडाट करून सोडलं, ते वेगळं.

वर्षाच्या आत त्या तोफा जहाजावरून उतरवून व्होल्गाच्या ताफ्याकडे रवाना झाल्या. यादवी युद्धाला तोफा हव्या होत्या, जहाज नको होतं. ऑरोरा गोदीत पडून राहिली. 1923 पासून ती प्रशिक्षण नौका झाली, नव्या 130 मिलिमीटरच्या दहा तोफा घेऊन. 1941 मध्ये जर्मन सैन्य लेनिनग्राडच्या दिशेने आलं तेव्हा याही तोफा काढल्या गेल्या. एक ‘बाल्टिएत्स’ या चिलखती आगगाडीवर चढली. उरलेल्या नऊ शहराच्या नैऋत्येला, दुडेरहोफच्या टेकड्यांपासून कीव्हच्या रस्त्यापर्यंत ओळीने जमिनीत बसवल्या. त्यांच्यामागे उभे राहिले ते नौदलाचे गडी, काही ऑरोराचेच. जहाजाच्या तोफेला डेकची सवय; इथे माती, झाडी आणि समोरून येणारे रणगाडे. मागे हटायला बोटही नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जर्मन टेकड्यांवर चढले आणि बहुतेक तोफची आपापल्या तोफांपाशीच पडले.

त्याच महिन्याच्या अखेरीस ओरानिएनबाउमच्या बंदरात ऑरोराही माऱ्याने छिद्रं पडून तळाला टेकली. 1944 मध्ये तिला वर काढलं. 1946 च्या ‘वर्याग’ चित्रपटात खोटं चौथं धुराडं लावून ती दुसऱ्याच एका क्रूझरच्या भूमिकेत उभी राहिली. 1948 मध्ये नेवाकाठी कायमची बांधली गेली आणि 1956 मध्ये संग्रहालय झाली. 1980 च्या दशकात पाण्याखालचा सारा सांगाडा नवा घातला गेला, जुना फिनलंडच्या आखातात रुच्यी गावाजवळ टाकून दिला. मग हे जहाज खरं किती, असा वाद तेव्हापासून चालतो आणि तो रास्त आहे. पण पाहणारे वाद घालतात ते तळाच्या पत्र्यांवर आणि फोटो काढतात त्या पुढच्या तोफेचे. पीटर्सबर्गला जाणाऱ्या मराठी माणसाने क्रास्नोए सेलोच्या बाजूला, दुडेरहोफच्या टेकडीवरही जावं. त्या नऊ तोफांच्या माणसांचं स्मारक तिथे आहे आणि ऑरोराने खरे गोळे डागून जिवावर उदार होऊन दिलेली शेवटची झुंज तिथेच झाली.