पंख्याची भट्टी : पहिल्या दिवसाचा तोटा आणि नंतरचा हिशेब

कापडाच्या धंद्यात एक जुना नियम आहे. नवीन ठिकाणचा माल आला की पहिला तागा विकण्यापूर्वी त्याचा एक तुकडा भिजवावा, वाळवावा आणि मोजून पाहावा. किती आटतो ते कळल्यावरच गिऱ्हाइकाला शब्द द्यावा. भिवंडीत तीस वर्षे ग्रे कापडाचा व्यवहार करताना हा नियम मी मोडला नाही. परंतु घरात नवीन यंत्र आले तेव्हा मी तो साफ विसरलो आणि त्याची किंमत माझ्या पत्नीला मोजावी लागली.

ही घरगुती हकिगत व्यापाराच्या पानावर सांगण्याचे कारण आहे. आज आपल्या वस्तीतील अनेक भगिनी घरी बसून कबाब, समोसे, नानखटाई ऑर्डरप्रमाणे करून देतात. भांडवल थोडे असले तरी हा धंदाच आहे. त्यात आता गरम हवा पंख्याने फिरवणारी विजेची भट्टी येऊ लागली आहे. दुकानदार तिला कन्व्हेक्शन ओव्हन म्हणतो. लहान, डब्यासारखी असेल तर एअर फ्रायर म्हणतो. दोन्हींचे काम एकाच तत्त्वावर चालते.

आमच्याकडे ही भट्टी घेण्याचा आग्रह माझाच होता. पत्नी सहा-सात वर्षांपासून ऑर्डरी घेते. रमजानमध्ये असरपासून मगरिबपर्यंत कढईसमोर उभे राहून तिचे गुडघे दुखू लागले होते. मी मोठी भट्टी आणली. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, म्हणून ती मी मुलीकडे दिली आणि मुलीच्या परीक्षा असल्याने ती तशीच राहिली. त्याच आठवड्यात शेजारच्या मंगनीसाठी चार किलो चिकन टिक्क्याची ऑर्डर आली. पत्नी म्हणाली, "आधी पाव किलो करून पाहू या." मी म्हणालो, "वेळ कशाला घालवायचा? मशीन नवीन आहे."

जुन्या, बिनपंख्याच्या ओव्हनसाठी लिहून ठेवलेल्या कृतीप्रमाणे आम्ही काटा २४० अंशांवर ठेवला आणि ट्रे ठासून भरून चाळीस मिनिटे लावली. कडेचे तुकडे चामड्यासारखे सुकले आणि मधले फिकट, पाणी सुटलेले निघाले. ऑर्डर ऐन वेळी बाहेरून घेऊन पुरी करावी लागली. पैशाचा तोटा भरून निघाला, पण गिऱ्हाइकाच्या घरी पत्नीच्या हाताचे जे नाव होते त्याला डाग लागला. त्या रात्री ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

उस्तादाकडून मिळालेला धडा

कुर्ल्याला माझा एक जुना मित्र बेकरी चालवतो. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी, हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या प्रकरणात, शहरातील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यानंतर त्यानेही पिढीजात भट्टी सोडून फिरत्या रॅकची, पंख्याची भट्टी बसवली. त्याच्यापुढे मी आमची फजिती मांडली.

तो हसला नाही. म्हणाला, "सेठ, पहिल्या आठवड्यात माझाही पाव असाच बिघडला. विटांच्या भट्टीत उष्णता मालाजवळ उभी राहते. या भट्टीत ती पळते. पळणारी उष्णता मालात लवकर शिरते आणि जाताना पाणी सोबत घेऊन जाते. पाव फुगण्याआधीच त्याची साल आवळत होती. मग ताप कमी केला आणि सुरुवातीला वाफ द्यायला लागलो."

हे ऐकताच मला आमच्या धंद्यातले स्टेंटर आठवले. प्रोसेस हाउसमध्ये ओले कापड दोन्ही काठांनी ताणून स्टेंटरमधून जाते आणि वरून-खालून गरम हवेचे झोत त्याच्यावर सुटतात. नुसत्या गरम खोलीत ज्याला फार वेळ लागला असता ते कापड तिथे काही क्षणांत कोरडे होते. कारण ओल्या वस्तूभोवती थंड, दमट हवेचा एक पातळ थर असतो. तो थर उष्णतेला अडवतो. झोत तो थर उडवून लावतो. परंतु कापड गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहिले तर त्याचा हात कडक होतो आणि पांढरा माल पिवळा पडतो. जी गोष्ट मला कापडात ठाऊक होती, ती कबाबात मी ओळखली नाही.

हे तत्त्व काही नवीन नाही. विमानात गोठवलेले जेवण गरम करण्यासाठी अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी १९४५च्या सुमारास पंख्याचा 'व्हर्लविंड ओव्हन' तयार केला होता. घरगुती एअर फ्रायर फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बाजारात आणला.

चार नियम

पाव-पाव किलोचे नमुने करून आम्ही जे शिकलो ते असे :

१. जुन्या कृतीत जो ताप लिहिला असेल त्यातून २० अंश वजा करावेत. २०० असेल तर १८० ठेवावा. वेळ तीन चतुर्थांश झाली की उघडून पाहावे. भट्टी आधी दहा मिनिटे रिकामी तापवावी.

२. ट्रे ठासून भरू नये. तुकड्या-तुकड्यात बोटभर जागा सोडावी. हवेला वाट मिळाली नाही तर पंखा असून नसल्यासारखा. आमचे मधले तुकडे फिकट राहिले ते यामुळेच.

३. तेल सोडू नये, फक्त कमी करावे. ब्रशने लावलेला पातळ हात पुरतो. अजिबात तेल न लावलेला जिन्नस खरपूस होत नाही, नुसता कोरडा होतो.

४. ज्याला ओलावा हवा तो झाकून ठेवावा. हवा झाकणाच्या आत जात नाही.

कोणता जिन्नस चालतो, कोणता नाही

चिकन टिक्का चांगला होतो. दही फडक्यात बांधून त्याचे पाणी काढावे, दीड इंचाचे सारखे तुकडे करावेत. २०० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा उलटावे. काढल्यावर पाच मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे रस आत बसतो. मांसात खुपसण्याचा थर्मामीटर धंदा करणाऱ्याने जरूर घ्यावा. कोंबडीच्या तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश झाले की ती शिजली असे समजावे. रंगावर भरवसा ठेवू नये, कारण पंख्याच्या भट्टीत रंग आधी येतो.

सीख कबाबाचा खिमा अगदी कोरडा असेल तर तो या भट्टीत भुग्यासारखा होतो. पाचवा हिस्सा चरबी असू द्यावी. शामी कबाब आधीच शिजलेल्या मसाल्याचा असल्याने दोन्ही बाजूंना तेल लावले की काम सोपे. कोळशाचा वास मात्र वीज देत नाही. त्यासाठी भांड्यात वाटी ठेवून तीत निखारा घालावा, वर तुपाचा थेंब सोडावा आणि दोन-तीन मिनिटे झाकावे. त्या वेळी खिडकी उघडी असावी, निखाऱ्याचा धूर बंद खोलीत घातक असतो.

पातळ पट्टीचा समोसा उत्तम होतो. जाड पारीचा समोसा बिस्किटासारखा टणक होतो. ओल्या पिठातली भजी तर करूच नयेत. गरम तेल पिठाला क्षणात धरून ठेवते, हवा धरत नाही, आणि पीठ जाळीतून खाली गळते. नानखटाईसाठी आम्ही १७० ऐवजी १५० अंश ठेवतो. ट्रेवरचा कागद वाऱ्याने उडून जिन्नसावर पडतो, म्हणून तो कोपऱ्यांना दाबून ठेवावा.

बिर्याणीच्या दमाला पंख्याचा काही फायदा नाही. हंडी कणकेने बंद केली तर ती १५० अंशांवर चांगली बसते, पण ते काम तव्यावरही होते. झाकण सैल असले तर वरचा भात टोचू लागतो. घरी पाव किंवा नान करायचा असेल तर खालच्या खणात गरम पाण्याचे भांडे ठेवावे. बेकरीवाल्याच्या वाफेचे हे घरगुती रूप.

बटाट्याचे जिन्नस सोनेरी झाले की काढावेत, तपकिरी होऊ देऊ नयेत. पिष्टमय पदार्थ फार तापले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. तेल कमी असले म्हणून हा नियम सुटत नाही.

धंद्याचा हिशेब

आमची भट्टी २००० वॅटची आहे. सतत चालली तर तासाला दोन युनिट. काटा पोचल्यावर ती आपोआप बंद-चालू होते, म्हणून प्रत्यक्षात कमीच लागते. तापवण्याची दहा आणि भाजण्याची तीस मिनिटे धरली तर एका खेपेला जास्तीत जास्त सव्वा ते दीड युनिट. आपल्या बिलावरचा दर लावून प्रत्येकाने स्वतः गुणाकार करावा.

दुसऱ्या बाजूला तेल. कढईत दीड-दोन लिटर तेल ओतावे लागते आणि ते पुन्हा पुन्हा तापवण्याचा मोह होतो. तळणीच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड' २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. आमच्या शंभर लहान समोशांना ब्रशने पाव लिटरपेक्षा कमी तेल लागते आणि उरलेल्या तेलाचा प्रश्नच राहत नाही.

पण तोट्याची बाजूही लिहिली पाहिजे. एका खेपेला आमचे तीसच समोसे बसतात. इफ्तारच्या गर्दीत कढईची बरोबरी ही भट्टी करू शकत नाही. म्हणून पत्नी दुपारीच माल अर्धा भाजून ठेवते, थंड करून फ्रिजमध्ये टाकते आणि शेवटच्या दहा मिनिटांत खरपूस करते. तिला समोर उभे राहावे लागत नाही, हा माझ्या मते सर्वांत मोठा नफा आहे.

काही खबरदारी. २००० वॅटला जवळपास नऊ अँपिअर लागतात. साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशनवर ही भट्टी लावू नये. सोळा अँपिअरचा सॉकेट आणि चांगले अर्थिंग असावे. चरबीचे शिंतोडे पंख्याच्या जाळीवर साचले की धूर होतो, म्हणून रोज पुसावी. विक्री करायची तर २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, मग स्वयंपाकघर घरचे का असेना. घरच्या मीटरवर धंदा किती चालतो ते वीज कार्यालयात विचारून घ्यावे. आणि भाजलेला माल तळलेला म्हणून विकू नये. चव वेगळी आहे ती गिऱ्हाइकाला आधी सांगावी, नमुना द्यावा.

आम्हीही तेच केले. दोन महिन्यांनी पत्नीने मंगनीवाल्या घरी अर्धा किलो टिक्का पाठवला. पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवशी काय चुकले होते तेही निरोपात सांगितले. ईदनंतर त्या घरची ऑर्डर पुन्हा आली. या वेळी चार किलोंची नव्हे, एकाच किलोची. ते रास्तच आहे. त्या एका किलोतलेही पाव किलो पत्नीने आधी वेगळे भाजून पाहिले, आणि मी काही बोललो नाही.