पाटे काळेच का होते?

जुनी जीप, मूळ रूप : लेखांक ९

चॅसीच्या रंगाचं मागच्या आठवड्यात झालं. आता तिच्याखालची मंडळी: पाटे, शॅकल, यू-बोल्ट, शॉकअप. नाशकात जुनी जीप म्हटली की बहुतेकदा महिंद्राची सीजे-३बी, नाहीतर एमएम ५४०. दोन्हींना चारही चाकांवर पाटेच. हौसेनं नवी केलेली अशी जीप रॅम्पवर चढली आणि खालून पाहिलं, की हल्ली ठरलेलं दृश्य दिसतं. पाट्यांवर चकचकीत पावडर कोटिंग आणि नट-बोल्ट झाडून सगळे सोनेरी पिवळे. फोटोत झकास येतं. पण कारखान्याच्या फाटकातून जीप या थाटात कधी बाहेर पडली नव्हती, आणि हा थाट काही ठिकाणी धोक्याचाही आहे.

कारखान्यात कुठल्या भागाला कोणता लेप द्यायचा, हे तो भाग काय काम करतो, त्याचं पोलाद कोणतं आणि लेपावर किती पैसे घालायचे यावर ठरायचं. कुणी गाडीखाली वाकून कौतुक करील, हा विचार त्यात नव्हता.

आधी पाटा घ्या. तो सिलिकॉन-मँगेनीज असलेल्या स्प्रिंग पोलादाचा. लाल तापवून वाकवायचा, तेलात विझवायचा, मग बेताच्या तापमानावर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. ज्या बाजूला ताण येतो त्या बाजूवर पोलादी छर्‍यांचा मारा करायचा, म्हणजे पृष्ठभाग दाबलेला राहतो आणि तडा सहजी सुरू होत नाही. एवढं केल्यावर गंजापासून संरक्षण म्हणून काय? साधा काळा रंग, बहुधा बुडवून काढलेला, आणि दोन पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस. आतला रंग घासून जाणार हे बनवणार्‍याला ठाऊकच होतं. तिथली राखण ग्रीसनं करायची.

मग पाट्याला जस्त का चढवलं नाही? इथे रसायनशास्त्र आडवं येतं. प्लेटिंगपूर्वी माल ॲसिडमध्ये साफ होतो, मग टाकीत त्यावर विजेनं जस्त बसतं. दोन्ही वेळा पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो आणि त्याचे सुटे अणू पोलादात शिरतात. मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही. पण स्प्रिंगसारख्या कडक पोलादात हे अणू ताण असलेल्या जागी गोळा होतात आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तो भाग कुठलीही सूचना न देता तुटतो. उपाय आहे: प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर काही तास भाजायचा, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. हा व्याप करण्यापेक्षा काळा रंग परवडला. कसार्‍याचा घाट उतरताना मेन पाटा तुटणं म्हणजे काय, हे ज्यांना कळतं त्यांनी पाट्याला प्लेटिंग करू नये.

फॉस्फेटिंग हा दुसरा जुना उपाय. थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीनं तो अमेरिकेत रुजवला, म्हणून त्याला पार्करायझिंगही म्हणतात. फॉस्फेटच्या गरम द्रावणात पोलाद बुडवलं की त्यावर राखाडी ते काळ्या स्फटिकांचा थर उगवतो. नुसता थर गंज फारसा अडवत नाही. पण स्फटिकांच्या फटी तेल धरून ठेवतात, रंगही घट्ट पकडतात. मंद, चमक नसलेला, बोटाला किंचित खरखरीत लागणारा काळा बोल्ट जुन्या गाडीत सापडला तर तो बहुधा हाच. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांत ज्याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात ते वेगळं. त्यात कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात काळ्या ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा बसतो. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण पहिल्या पावसाळ्यात फरक कळतो.

जस्ताचं प्लेटिंग लहान बोल्ट, वॉशर, ब्रॅकेट यांच्यासाठी. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजतं, म्हणून ओरखडा पडला तरी आधी ते स्वतः खपतं आणि लोखंड वाचवतं. थर मोटारीच्या बोल्टवर साधारण ८ मायक्रॉनच्या आसपास. पण जस्तावरही पांढरी बुरशी येते, म्हणून वर क्रोमेटचा हात देतात. प्लेटिंगवाला विचारतो, ‘पिवळा मारू की पांढरा?’ तो याच शेवटच्या हाताबद्दल. पिवळा जास्त टिकतो. मात्र जुना पिवळा षट्संयोजी क्रोमियमचा होता आणि ते कर्करोगकारक आहे. युरोपनं जुलै २००७ पासून नव्या गाड्यांच्या गंजरोधक लेपांतून ते हद्दपार केलं. आजचा पिवळा अनेकदा त्रिसंयोजी क्रोमियमवर रंग देऊन आणलेला असतो. तो सगळीकडे एकसारखा दिसतो. जुन्या पिवळ्यात हिरवी-तांबूस झाक फिरत असे, दोन बोल्ट कधी तंतोतंत जुळत नसत. पारखी माणूस नेमकं तेच पाहतो. तरी जुन्या रंगाच्या मोहानं षट्संयोजी टाकी शोधत फिरू नये, असं माझं मत. तिचं पाणी नंदिनी नदीतून गोदावरीत जातं, आणि एका बोल्टच्या झाकेसाठी एवढी किंमत फार झाली.

एक बारकावा प्लेटिंगवाल्याला आधीच सांगावा लागतो. १०.९ किंवा त्यावरच्या ताकदीचा बोल्ट भाजायचा असेल तर क्रोमेटच्या आधी. जुना पिवळा थर साठ-सत्तर अंशांपुढे कोरडा पडून तडकतो आणि त्याचा उपयोग संपतो. क्रम उलटला तर बोल्ट पिवळा दिसेल, गंज मात्र अडणार नाही.

जस्तासारखंच कॅडमियमचंही प्लेटिंग होतं. नाशिककरांना कॅडमियमचं प्लेटिंग केलेला भाग पाहायचा तर मोटारीपेक्षा विमान जवळचं. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला, आणि विमानाच्या पोलादी भागांवर कॅडमियम हा जगभरचा जुना रिवाज आहे. मोटारीत तो मुख्यतः जुन्या अमेरिकी बोल्टांवर आढळतो. विषारी असल्यानं घरी घासू नये, हे महत्त्वाचं.

मूळ लेप कोणता होता हे ओळखायचं कसं? पुस्तकापेक्षा गाडीच जास्त सांगते. यू-बोल्टच्या प्लेटखालची जागा, वॉशरनं झाकलेला गोल, शॅकलच्या आतली बाजू, बुशच्या कडेला साचलेला चिखल: इथे वारा-पाणी कमी पोहोचतं आणि मूळ थराचा तुकडा शिल्लक राहतो. भाग सुटा करताना तार-ब्रश लगेच फिरवू नका. रॉकेल लावा, फडक्यानं पुसा, फोटो काढा. लष्करी जीपचा नियम आणखी वेगळा. युद्धकाळातल्या विलीजला खालून चॅसी, ॲक्सल, पाटे सगळ्यावर एकच मंद ऑलिव्ह हिरवा असे. देवळाली कॅम्प शेजारी असलेल्या आपल्या शहरात लष्करी वळणाची जीप अनोळखी नाही. तिचे पाटे काळे करणं म्हणजे चूक.

हे सारं आता नुसतं हौसेपुरतं राहिलेलं नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नियम चॅसी, बॉडी, इंजिन यांतल्या मोठ्या बदलांबद्दल बोलतो, बोल्टच्या रंगाबद्दल नाही. पण स्पर्धेचे परीक्षक खाली वाकून बोल्टही पाहतात.

पावडर कोटिंगचं राहिलं. त्याचा थर साठ-ऐंशी मायक्रॉन, जस्ताच्या कितीतरी पट. यू-बोल्टच्या प्लेटखाली तो आला की दाबानं हळूहळू चेपतो आणि आवळलेला बोल्ट न फिरताच ढिला पडतो. म्हणून पावडर करायचीच असेल तर टेकणार्‍या जागा टेप लावून झाका, आणि पाट्यांच्या आतल्या बाजूला तर नकोच.

राहता राहिला पाऊस. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळतो, पन्नास किलोमीटरच्या आत नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. घाटाकडच्या गाडीला मेअखेर पाटे उघडून ग्रॅफाइट ग्रीस लागतंच. जुने मिस्त्री त्याऐवजी खालून काळं ऑइल मारत, आणि पाट्यांना ते चालायचं; पण तेच ऑइल रबरी बुशवर गेलं की बुश फुगून मऊ पडतं. ऑइल मारणार असाल तर ब्रशनं, फक्त पाट्यांवर, स्प्रे गननं नको. पुढच्या आठवड्यात शॉकअपच्या क्रोम दांड्याकडे वळू.