कड्यावरची लढत
(नियमांच्या आत : भाग ७)

गेल्या आठवड्यात लढतीच्या व्हिडिओ गेममधल्या लाइफबारचा हिशेब पाहिला. आज तो हिशेबच उधळून लावणारी गोष्ट: कडा, काटे, आम्लाचं कुंड. लाइफबार काठोकाठ भरलेला, समोरच्यानं एक धक्का दिला आणि खेळ खलास. ‘ही काय लढाई झाली?’ ही तक्रार जुनीच आहे. मला ती निम्मीच पटते.

१९९२ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये ‘द पिट’ नावाचा पूल होता, खाली अणकुचीदार काटे. पण अपरकट मारून खाली पाडायची मुभा सामना जिंकल्यावरच. निकाल लागलेला, उरला तो तमाशा. याच मालिकेतल्या २००४ च्या ‘डिसेप्शन’नं असे सापळे चालू फेरीत आणले आणि भांडणं सुरू झाली. २०११ साली मालिका पुन्हा एका रेषेवरच्या लढतीकडे वळली, तसे सापळेही निकालानंतरच्या तमाशात परत गेले.

उलट ‘सोलकॅलिबर’ (१९९८) पाहा. तिथे रिंगणाबाहेर पडलात की फेरी गेली, आणि त्याबद्दल मुरलेले खेळाडू फारसे कुरकुरत नाहीत. कारण कड पहिल्या क्षणापासून दोघांनाही दिसते. आठही दिशांना पावलं टाकता येतात, त्यामुळे रेटणारा बेसावध राहिला तर बाजू पलटते आणि त्याचीच पाठ कडेला लागते. पकडीत सापडलात तरी योग्य बटण ओळखून सुटता येतं. हवेत उडालात तरी दिशा दाबून थोडं आत वळता येतं. अ‍ॅस्टारोथसारखा पकडीत तरबेज धिप्पाड गडी समोर असेल, तर रिंगणाच्या मध्यावर असतानाच कडेचा विचार करावा लागतो. कबड्डीत रेडर बाजूच्या रेषेजवळ गेला की बचावपटू डॅश मारून त्याला बाहेर घालवतो, तसंच हे. त्या डॅशमध्येही धोका आहे, कारण रेडर निसटला तर गुण त्याचा. आणि ‘सोलकॅलिबर’मध्ये जाते ती फेरी, अख्खा सामना नाही. हे फार महत्त्वाचं.

म्हणजे मी मृत्यू किती झटपट आला हे मोजत नाही, त्याआधी सुटायच्या किती वाटा होत्या ते मोजतो. याच मापानं ‘फॉर ऑनर’ (२०१७) अर्धा पास होतो. एकास एक लढतीत बचाव मोडून (गार्ड ब्रेक) कड्यावरून फेकायला आलेल्याला वेळ साधून त्याच बटणानं रोखता येतं. चार विरुद्ध चारमध्ये मात्र एकाशी झुंजत असताना दुसरा पाठीमागून येऊन ढकलतो. तिथे वाट कुठली? ‘पुलावर उभाच का राहिलास’ हा टोमणा मला मान्य नाही. काबीज करायची जागा पुलापलीकडे असेल तर माणूस पुलावरूनच जाणार.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स’च्या खेळाडूंनी वाट असण्या-नसण्याचा हा भेद फार पूर्वी ओळखला. ‘अल्टिमेट’मध्ये (२०१८) मंचावरचे धोके बंद करायची सोय मिळाली आणि स्पर्धांमध्ये ते सर्रास बंदच ठेवले जातात. मंचाबाहेर पार दूर फेकलं गेलं की जीव जातो, हा नियम मात्र कुणी काढा म्हणत नाही. स्मॅशमध्ये मरायची दुसरी वाट जवळपास नाहीच.