ग्रबचा मेनू गायब? फॉरमॅट मारू नका!

कात्रजमधल्या ड्युअल बूटवाल्या कॉलेजच्या मुलांनो, हे तुमच्यासाठी. विंडोज अपडेट झालं आणि लिनक्स दिसेना, तरी घाबरू नका. बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो, वाट चुकलेली असते ती फक्त बूट लोडरची, म्हणजे ग्रबची.

जुन्या बायोस मशीनवर बूट कोड डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये असायचा. विंडोज नव्याने टाकलं की तो पुसला जायचा. नव्या यूईएफआय मशीनवर ग्रब वेगळ्या छोट्या ईएफआय पार्टिशनवर फाइल म्हणून राहतो, त्यामुळे अनेकदा फक्त क्रम बदललेला असतो. आधी यूईएफआय सेटिंगमध्ये बूट ऑर्डर उघडा, 'उबुंटू' वर घ्या. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

नाव यादीतच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करा. लिनक्सचं रूट आणि ईएफआय ही दोन्ही पार्टिशन माउंट करून सीएचरूट करा, मग ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. पार्टिशनचे नंबर दोनदा तपासा!

आता विंडोजच दिसत नाही? ग्रब 2.06 पासून दुसऱ्या ओएस शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून पुन्हा अपडेट-ग्रब चालवा.

आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की आजच वहीत लिहून ठेवा.