रक्तातली खूण काय सांगते?

नागालँडमधल्या आरोग्य शिबिरांना मी गेली काही वर्षे डॉक्टर म्हणून जातो. मागच्या खेपेला एक शेतकरी मानेवरची गाठ घेऊन आले. गाठ दुखत नव्हती, पण एक कान दडा बसल्यासारखा आणि नाकातून अधूनमधून रक्त. क्षयाची गाठ समजून त्यांना कुठेतरी चार महिने औषधे दिली होती. गुवाहाटीला तुकडा तपासला, तेव्हा नाकामागच्या घशाचा कॅन्सर निघाला.

हा कॅन्सर भारतात इतरत्र विरळा, नागालँडमध्ये मात्र बराच आढळतो. त्याच्या मुळाशी बहुधा एपस्टाइन-बार विषाणू असतो. "मग माझ्या मुलांनाही होणार का?" त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले. मी सांगितले, हा विषाणू लाळेतून पसरतो आणि जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. कॅन्सर संसर्गाने होत नाही. मात्र जवळच्या नातेवाइकांना धोका थोडा जास्त असतो, त्यांनी लक्षणे अंगावर काढू नयेत.

गाठीतल्या पेशी मरतात, तेव्हा विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या डेनिस लो आणि सहकाऱ्यांना ते ५७ पैकी ५५ रुग्णांच्या रक्तात सापडले. २००४ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी आजार पुढे गेलेल्या ९९ रुग्णांचा अभ्यास मांडला. किरणोपचार संपल्यावर आठवड्यानेही ज्यांच्या रक्तात ही खूण उरली होती, त्यांचा आजार उलटण्याचा धोका जास्त होता. म्हणून हे मोजमाप उपचारांपूर्वी आणि नंतर करतात, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. खूण पुसली गेली तर आशा वाढते, पण हमी मिळत नाही. लहान गाठ रक्तात न दिसता राहू शकते; दुर्बिणीची तपासणी आणि स्कॅन चुकवून चालत नाही.

आमच्या रुग्णाच्या अहवालात उपचारांनंतर खूण आढळली नाही. ते पुन्हा शेतावर जाऊ लागले आहेत आणि दर तपासणीला न चुकता येतात. वाया गेलेले चार महिने मात्र मला अजून टोचतात.

कार्यकर्त्यांना एकच विनंती: मानेवर न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा दडा बसलेला कान किंवा नाकातले रक्त तीन आठवड्यांत थांबले नाही, तर रुग्णाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा.