जुन्या मोटारीला नवा पट्टा

मोटारीतला पट्टा म्हटला की आपल्याला प्रथम पोलीस आठवतो आणि मागोमाग दंड. तो पट्टा नेमके काय करतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कारण नव्या मोटारीत तो विचार कारखान्याने आधीच करून ठेवलेला असतो. पण ज्या मोटारीला पट्टा ठाऊकच नव्हता, तिच्यात तो बसवायचा झाला म्हणजे सारे पहिल्यापासून शिकावे लागते. कला शाखेच्या अंकात नटबोल्टांचा विषय पाहून काही प्राध्यापक भुवया उंचावतील. परंतु माझे मामा चेंबूरच्या एका गॅरेजात डेंटर आहेत, आणि सुट्टीत त्यांच्या हाताखाली राहून जे पाहिले व नंतर वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

मुंबईतल्या हौशी मंडळींकडे अजून काही जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी आहेत. एम. जी. टी. डी. ही त्यांतलीच एक. कापडी छपराची, दोन माणसांची इंग्रजी गाडी. १९५० ते १९५३ या काळात ती तयार होत असे. कमरेवरून व खांद्यावरून जाणारा, तीन टोकांचा जो पट्टा आज आपण पाहतो, तो १९५९ साली आला. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील अभियंते निल्स बोलिन यांनी तो सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखान्यांनाही खुले ठेवले. आपल्याकडे नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना पट्टे सक्तीचे व्हायला १९९४ साल उजाडले. तेव्हा टी. डी.च्या मालकाला पट्ट्यावाचून कोणी अडवीत नाही. मात्र चेंबूरहून शहराकडे जाणारा पूर्व मुक्त मार्ग २०१३ साली सुरू झाल्यापासून असल्या गाड्याही तिथे इतरांच्या वेगाने धावतात.

इथे थोडे गणित करावे लागेल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरांवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, खाली पडणे. ६० किलो वजनाचा माणूस अर्ध्या मीटरच्या आत थांबवायचा तर सरासरी १२०० किलो वजनाइतका ओढा पट्ट्यावर येतो. टी. डी.चे स्वतःचे वजनही एवढे नाही!

गॅरेजात आलेल्या अशाच एका गाडीच्या मालकांना शर्यतीच्या गाडीत असतात तसे, दोन्ही खांद्यांवरून येणारे चार टोकांचे पट्टे हवे होते. मामा म्हणाले, “पट्टा कोणीही बसवील, साहेब. पण तो धरणार कशाला?” माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे. आपल्या ओळखीच्या फियाटला दोन दारांमध्ये पोलादी खांब असतो. खांद्याचे टोक तिथे, उंचावर, बांधता येते. उघड्या गाडीला असा खांबच नाही. शिवाय टी. डी.च्या अंगाचा सांगाडा लाकडी, वर पत्रा मढवलेला. त्या लाकडात किंवा नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर अपघातात पट्टा शाबूत राहील आणि बोल्ट पत्र्याचा तुकडा घेऊन बाहेर येईल. म्हणून टोके खालच्या पोलादी चासीशी जोडावी लागतात, किंवा चासीला पक्क्या केलेल्या वेगळ्या पोलादी चौकटीला. जिथे पत्र्याखेरीज आधार नाही, तिथे मागून तळहाताएवढी जाड प्लेट लावून ओढा पसरवावा लागतो. बोल्ट साडेतीन सुती, उच्च ताकदीचा. बाजारातला साधा चालत नाही. आणि गंजलेल्या जागी आधी नवा पत्रा, मग बाकीचे.

यानंतर येतो कोन. कमरेचा पट्टा ओटीपोटावर न येता नितंबाच्या हाडावर बसला पाहिजे. हाड ओढा सोसते, आतडी सोसत नाहीत. खांद्यावरून मागे जाणारा पट्टा जवळजवळ आडवा हवा. तो सीटच्या मागे थेट जमिनीला बांधला, तर धक्क्याच्या वेळी खांदा खाली खेचला जातो आणि पाठीचा कणा दबतो. उघड्या गाडीत हीच चूक फार होते, कारण जमीन हाताशी असते.

चार टोकांच्या पट्ट्यांचे तर आणखी वेगळे. खांद्याचे दोन पट्टे कमरेच्या पट्ट्याला वर ओढतात. तो पोटावर चढतो आणि माणूस खालून निसटतो. म्हणून शर्यतीत पायांमधून पाचवा पट्टा घेतात. शिवाय हे पट्टे माणसाला ताठ बसवून ठेवतात. गाडी उलटली तर डोके वाकवायला वाव नाही, आणि डोक्यावर पोलादी कमान नसेल तर सारा भार मानेवर. कमानीशिवाय उघड्या गाडीत असे पट्टे घालणे मला तरी निव्वळ देखावा वाटतो.

मालकांचा आक्षेप निराळाच होता. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते, पण ती मूळ स्वरूपात जपलेली हवी. नवी भोके पाडली तर मूळपण गेले, असे त्यांना वाटे. ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. उपाय असा की शक्य तिथे चासीची आधीची भोके वापरावीत आणि चौकट बोल्टांनी बसवावी, म्हणजे पुढे काढता येते.

पट्टा मात्र नवाच घ्यावा. कुर्ल्याच्या भंगारात स्वस्तात मिळतो; पण ती गाडी भंगारात का आली, हे पट्टा सांगत नाही. एकदा अपघाताचा ओढा सोसलेला पट्टा दिसायला धड असला तरी निकामी असतो, उन्हाने विटलेलाही तसाच. आणि सीटकामवाल्याकडून शिवून घेतलेला पट्टा तर कधीच वापरू नये.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. गाडी आधुनिक होती, पट्टेही होते. मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींनी तो बांधलेला नव्हता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा बंधनकारक केला. जुन्या गाड्यांचे मालक पुष्कळदा चालकापुरता पट्टा बसवून घेतात. पण दुरुस्तीनंतर गाडी रस्त्यावर फिरवून पाहायची असते, तेव्हा मालक गाडीत नसतातच. मिस्त्री चालवतो आणि शेजारी, इंजिनाचा आवाज ऐकायला, गॅरेजातला पोरगा बसतो. मामांनी त्या गाडीला दोन्ही बाजूंना तीन टोकांचे पट्टे बसवले आणि दुसऱ्याचे पैसे वेगळे लावले. मालकांनी ते दिले.